उघड्या दारातली प्रार्थना

बँकेच्या नोकरीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी तीन वर्षे काढली. आमचे हेड कॅशियर ख्रिस्ती होते. शाखेचा दरवाजा गिऱ्हाइकांसाठी दहाला उघडायचा, पण हे गृहस्थ सव्वानवालाच हजर. स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे आणि दुसरी माझ्याकडे असल्यामुळे मलाही लवकर यावे लागे. मी यायचो तेव्हा ते रेकॉर्डच्या कपाटाआड एका खुर्चीवर डोळे मिटून बसलेले असत. मांडीवर छोटेसे बायबल. दहा-पंधरा मिनिटे मी किल्ली बोटाभोवती फिरवत उभा. पुढे मार्चअखेर आला, रात्री अकरापर्यंत खाती जुळवणे सुरू झाले, तरी सकाळची ती खुर्ची काही चुकली नाही. तेव्हा मी त्यांना जरा कुरकुरतच विचारले, की तुम्हाला एवढा वेळ सापडतो तरी कुठून? ते हसले. वेळ सापडत नसतो, तो दिवसाची खतावणी उघडण्याआधीच बाजूला काढून ठेवावा लागतो, अशा अर्थाचे काहीतरी बोलले आणि दुसऱ्या दिवशी पंडिता रमाबाईंवरची एक जुनी, पिवळी पडलेली पुस्तिका त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

रमाबाई मला शाळेपासून माहीत होत्या. म्हणजे आपल्या सगळ्यांना असतात तेवढ्याच. संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, विधवांचे शिक्षण, धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ. परंतु या बाई रोज प्रार्थना करीत असत आणि त्या साध्या नेमापायी त्यांना पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसांचा आधार गमवावा लागला, ही गोष्ट मात्र माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. आज सांगायचे आहे ते त्याविषयीच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विलक्षण गृहस्थ. तरुणपणी पुण्याला पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू घरच्या बाईला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि आपणही बायकोला शिकवायचे असे मनाशी ठरवले. घरच्यांनी विरोध केला, जातवाल्यांनी धर्मसभेपुढे उभे केले. तेव्हा शास्त्रीबुवांनी रानात जाऊन आश्रम बांधला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना तिथे पढवले. लक्ष्मीबाई इतक्या तयार झाल्या, की आश्रमातल्या विद्यार्थ्यांनाही पाठ देऊ लागल्या.

आल्यागेल्याच्या जेवणावळीत आश्रमाची पुंजी संपली. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले गेले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. ही यात्रा काही संपली नाही. देवळांतून, नदीच्या घाटांवर पुराण सांगायचे, जे पदरात पडेल त्यावर गुजराण करायची आणि पुढच्या क्षेत्राला निघायचे. अशा घरात मुलीला शिकवायला वेळ कधी मिळणार? वडील थकलेले होते, म्हणून हे काम आईकडे आले. आणि आईला दिवसभर श्वास घ्यायला सवड नाही; स्वयंपाक, पाणी, मुले, पाहुणे. लक्ष्मीबाईंनी मग पहाट निवडली. अजून उजाडलेले नाही, झाडांवर पाखरांची पहिली किलबिल सुरू झालेली, अशा वेळी त्या झोपाळू पोरीला जमिनीवरच्या अंथरुणातून अलगद उचलून घेत, लाडीगोडीने जागी करीत आणि मांडीवर बसवून श्लोक म्हणून घेत. पुढे रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला अमेरिकेतल्या डॉ. रेचल बॉडली यांनी जी प्रस्तावना लिहिली तीत हे चित्र आले आहे, आणि ते पुस्तक रमाबाईंनी आईच्याच स्मृतीला अर्पण केले आहे. भागवताचे अठरा हजार श्लोक ज्या मुलीला मुखोद्गत होते तिची शाळा ही अशी, दुसरे कुणी उठण्याआधीच्या तासाभराची.

मला स्वतःला वाटते, रमाबाईंच्या साऱ्या पुढल्या आयुष्याचे मूळ या पहाटेत आहे. धर्म बदलला, भाषा बदलली, देश बदलले. पण दिवसाच्या कामाने आपला ताबा घेण्याआधी कशाच्या तरी पुढे शांत बसायचे, हे त्या आईच्या मांडीवर शिकल्या.

त्यानंतरची काही वर्षे वाचताना अंगावर काटा येतो. दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा. दोघे हजारो मैल पायी हिंडली. थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून त्यात झोपली. सगळी व्रते, सगळी तीर्थे, सगळी देवळे झाली होती. देव काही बोलला नव्हता. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी, जातीबाहेर, लग्न केले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मुलगी घेतलेली ही विधवा पुण्यात आली, ती रानडे, भांडारकर प्रभृतींच्या आश्रयाला. आर्य महिला समाज स्थापन झाला. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक झाले. त्याच्या विक्रीचे पैसे जमवून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या, वैद्यकी शिकायला म्हणून.

वैद्यकी काही झाली नाही, कारण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागले. मात्र वाँटेज या गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहताना त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, दिवसाचे तुकडे पाडणारी घंटा. ठरल्या वेळी घंटा व्हायची आणि हातातले काम तिथेच ठेवून सगळ्या जणी प्रार्थनेला जायच्या. दुसरी गोष्ट लंडनजवळच्या फुलहॅमची. तिथे याच भगिनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवीत होत्या. ज्या बायकांची सावलीही आपल्याकडे कुणी अंगावर पडू दिली नसती, त्यांच्याशी या मायेने वागत होत्या. प्रार्थनेतून उठलेले हात थेट या कामाला लागतात, हे रमाबाईंना फार नवे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

याचा अर्थ मठाने जे सांगितले ते त्यांनी मुकाट्याने ऐकले असा नव्हे. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचण्याजोगा आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझी संस्कृत काय कमी पवित्र आहे, यावरून वाद. कोणते मत मानायचे ते बायबल वाचून माझे मी ठरवीन, यावरून वाद. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवले तेव्हा तर त्या चांगल्याच भडकल्या. मांसमच्छी त्यांनी कधी खाल्ली नाही. बिचाऱ्या सिस्टर! पण मला त्यांचे कौतुकही वाटते. इतकी हट्टी मुलगी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढायला दहा वर्षे पैसे पुरवण्याचे तिने मान्य केले. अट एकच: शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. गोदूबाई ही पहिली विधवा विद्यार्थिनी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. दुसऱ्या वर्षी सदन पुण्याला आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. मुलींची देवपूजा, उपासतापास, सोवळेओवळे, स्वयंपाक सगळे घरच्यासारखे चालू होते. त्याला रमाबाईंनी हात लावला नव्हता.

मग बिनसले कुठे?

१८९१ च्या आसपास रमाबाईंच्या मनात मोठी उलथापालथ झाली. आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म घेतला खरा, पण ख्रिस्त काही आपल्याला भेटला नाही, असे त्यांना तीव्रतेने जाणवले. ती भेट त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या सुमारास झाली. मी त्या धर्माचा नाही, त्यामुळे आत काय घडले यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. बाहेर दिसत होते ते एवढेच, की प्रार्थना हे आता त्यांचे कर्तव्य राहिले नव्हते, ती त्यांची गरज झाली होती. रोज त्या आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचत आणि मोठ्याने प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे.

सगळा प्रश्न त्या दाराचा होता. रमाबाईंनी कुणाला बोलावले नाही. पण सदनातल्या मुली म्हणजे कोण? नवव्या-दहाव्या वर्षी कपाळ पांढरे झालेल्या, घरी कुणी मायेने जवळ न घेतलेल्या पोरी. बाई आपल्या लेकीला कुशीत घेऊन बसल्या आहेत, गोड आवाजात काही म्हणत आहेत, हे पाहून त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहू लागल्या. मग आत येऊन बसू लागल्या. हळूहळू पुष्कळ जणी येऊ लागल्या आणि गावात बोभाटा झाला. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागारांचे म्हणणे होते, की तुम्ही प्रार्थना करा, पण एकट्याने आणि दार लावून. रमाबाईंचे म्हणणे होते, की मुलींना आपल्या खोलीत तुळशीला प्रदक्षिणा घालायची मोकळीक आहे, तर मला माझ्या खोलीत प्रार्थनेची का नको? आणि आईच्या खोलीचे दार लेकींना बंद असते का? ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी बॉस्टनला पत्र लिहून सदनाशी असलेला संबंध तोडला. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

मी या प्रकरणावर बराच विचार केला आहे. कर्जमंजुरीच्या अटी वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला सल्लागारांची बाजू सहज कळते. पालकांनी मुली ठेवल्या त्या एका शब्दावर. तेव्हाच्या पुण्यात विधवा मुलीला शाळेत घालणे हेच केवढे धाडस. त्यात ती ख्रिस्ती झाली तर त्या घराचे काय व्हायचे? रानडे स्त्रीशिक्षणाचे वैरी नव्हते, उलट तेच तर तिचे पाठीराखे. गंमत अशी, की रानडे आणि भांडारकर दोघेही प्रार्थना समाजाचे. प्रार्थनेचे मोल त्यांना सांगायला नको होते. पण ती दर रविवारी मंदिरात जमून करायची प्रार्थना होती. बाईची प्रार्थना घरातली, रोजची, मुलाबाळांच्या गराड्यातली. तिला दार लावून बसणे परवडतच नाही. ज्या बाईने मुलांच्या घरात कधी देवपूजा केली असेल तिला हे मी सांगायला नको. पूजेला बसले, की शेजारी एक तरी पोर येऊन बसतेच, आणि नैवेद्यावर डोळा ठेवते.

अटीचे शब्द पाहिले तर रमाबाई चुकल्या नव्हत्या. अटीमागची भीती पाहिली तर सल्लागारही चुकले नव्हते. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ती भीती अगदीच पोकळ नव्हती. दुसरीकडे गोदूबाई चार वर्षे त्याच घरात राहिल्या आणि १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून, हिंदू राहूनच बाहेर पडल्या. त्यांच्यासाठीही दार तेच होते. रमाबाईंनी मात्र ते लावले नाही. बॉस्टनच्या मंडळींनी त्यांची बाजू घेतली, सदन चालू राहिले. पण पुणे तुटले ते तुटलेच.

१८९६-९७ चा मध्य प्रांतातला दुष्काळ हा पुढचा टप्पा. आपण स्वतः दुष्काळातून वाचलो आहोत हे रमाबाई कधी विसरल्या नाहीत. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, काही भयंकर हाल सोसलेल्या. पुण्यात प्लेगची धामधूम. शहरात इतकी माणसे ठेवायला परवानगी मिळेना. पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर केडगावला त्यांनी आधीच शंभरेक एकर माळ घेऊन ठेवला होता. तिथे तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. १८९८ मध्ये तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार माणसांचे दोन वेळचे जेवण, कपडे, औषधपाणी याचा हिशेब क्षणभर मनात करून पाहा. बॉस्टनच्या दहा वर्षांच्या मदतीची मुदतही १८९८ मध्येच संपली होती. इंग्लंडात जॉर्ज म्युलर यांनी कुणाकडे न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवला, हे रमाबाईंनी वाचले होते, आणि त्यांनी तोच रस्ता धरला. मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की उत्पन्नाच्या रकान्यात प्रार्थना लिहिलेला असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नामंजूर केला असता. पण पुढचे कागद वाचले असते तर कदाचित परत बोलावलेही असते. कारण बाई हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. विहिरी खणल्या, फळबागा लावल्या, माग, तेलाचा घाणा, गोठा, शिवणकाम, छापखाना. प्रत्येक मुलीच्या हाताला काही ना काही काम. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपीतून वाचन. मिळालेल्या देणग्यांचे अहवाल छापले जात. संस्थेचे इंग्रजी नियतकालिक निघू लागले त्याचे नाव 'मुक्ती प्रेअर बेल'. वाँटेजची घंटा अशी केडगावच्या माळावर येऊन पोहोचली.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारले, की रोज आपल्याबरोबर प्रार्थनेला यायला कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. दिवसातून दोनदा जमत. जूनच्या अखेरीस वेल्समधल्या धर्मजागृतीसारखाच प्रकार मुक्तीत झाला. मुली ढसाढसा रडू लागल्या, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. त्याची कीर्ती जगभर झाली आणि टीकाही. शिस्तीची प्रार्थना शिकलेल्या अनेक मिशनऱ्यांना तो गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी तो थांबवला नाही. ज्यांना आयुष्यात मोठ्याने रडायचीही मुभा मिळाली नव्हती, अशा त्या पोरी होत्या, हे मला टीकाकारांना सांगावेसे वाटते.

पण माझे मन रमते ते त्यांच्या शेवटच्या कामात. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला झेपणारी नाही, असे त्यांना वाटे. त्या भाषेतले संस्कृत शब्द त्यांच्याइतके कोण ओळखणार? एका शब्दाला चिकटून आलेले पुराणातले अर्थ त्यांना दिसत आणि ते नको वाटत. म्हणून पन्नाशीच्या जवळ आलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतली आणि सबंध बायबल मुळावरून साध्या मराठीत आणायला सुरुवात केली. हे काम दीड तपाहून अधिक चालले. बाहेर दीड-दोन हजारांचा संसार, आत टेबलावर कोश पसरलेले. त्यांना वेळ कुठून मिळाला असेल, हे मी आता कुणाला विचारीत नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. शारदा सदनाचा सारा भार तिच्यावर होता आणि आपल्यामागे मुक्तीही तिनेच पाहावी अशी आईची इच्छा होती. उघड्या दाराच्या त्या खोलीत प्रार्थनेला पहिल्यापासून बसणारी तीच. त्यानंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. अंगात ताकद नव्हती, तरी भाषांतराची मुद्रिते तपासणे चालू होते. ते काम हातावेगळे करूनच त्या ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, चौसष्टीला अठरा दिवस कमी असताना.

बायबल पुरे छापून झाले १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते वाचणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. केडगावला आल्या तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणींना आपले नावही लिहिता येत नव्हते.